आयपीवर उघडतंय, नावावर नाही: पूर्व भागातल्या ‘अण्णांच्या दुकाना’चा रिव्ह्यू

सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांची वानवा नाही. पण ‘घरातल्या एका कॉम्प्युटरला दुसऱ्याचं नाव सापडत नाही’ अशी तक्रार घेऊन गेलात, तर बहुतेक ठिकाणी दोनच औषधं मिळतात: विंडोज नव्याने टाकू, नाहीतर राउटर बदला. यातलं पहिलं औषध मी पैसे मोजून घेतलं होतं आणि दुसरं घेण्याच्या बेतात होते. तेवढ्यात एका कारखानदाराने अण्णांचं नाव सांगितलं.

दुकानाला धड नाव नाही. पाटीवर ‘कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्ही’ एवढंच. कन्ना चौकातून आत गेलं आणि यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला की कुणालाही ‘अण्णांचं दुकान’ विचारा. आत दोन माणसं मावतील एवढीच जागा, बाकी सगळीकडे उघडे प्रिंटर. बाहेरून बघून माझा अजिबात विश्वास बसला नव्हता.

आधी माझा त्रास सांगते, म्हणजे तुमचा तोच आहे का ते कळेल. माझं काम टॉवेल आणि चादरींच्या डिझाइनचं. लॅपटॉप वरच्या मजल्यावर, कारण उजेड तिथे. जुना डेस्कटॉप खाली पुढच्या खोलीत, त्यात सगळी जुनी डिझाइनं, जकार्डचे ग्राफ, पार्टीने पास केलेले रंग. या डेस्कटॉपचं नाव ‘नक्षी’. लॅपटॉपवर दोन तिरक्या रेघा आणि पुढे नक्षी असं टाइप केलं की फोल्डर उघडायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मग पावसाळ्यात इंटरनेटवाल्या कंपनीने फायबरचा बॉक्स बदलला. जुना बॉक्स फक्त इंटरनेट आत आणून द्यायचा, घरातली सगळी यंत्रं आमच्या एकाच राउटरला जोडलेली असायची. नव्या बॉक्सला स्वतःचंच वाय-फाय आहे. बसवायला आलेल्या पोराने डेस्कटॉप त्या बॉक्सला जोडला, आमचा राउटर ‘रेंज चांगली येईल’ म्हणून वर नेऊन ठेवला आणि खालून एक वायर त्याच्या मागे खोचून तो गेला. रेंज खरंच चांगली आली. नक्षी मात्र वरून दिसेनाशी झाली. लॅपटॉप घेऊन खाली आलं की दिसायची, वर गेलं की गायब.

पहिल्या दुरुस्तीवाल्याने विंडोज नवीन टाकली. दोन दिवस माझे फॉन्ट आणि सॉफ्टवेअर परत बसवण्यात गेले आणि रोग तसाच राहिला. दुसऱ्याने पाच मिनिटं काहीतरी खटपट केली आणि म्हणाला, “झालं मॅडम, फिक्स करून दिलं.” खरंच झालं होतं. मग एक दिवस लाइट गेली, आली, आणि पुन्हा बिघडलं. पुढे तर कधी उघडायचं, कधी नाही. कायम बंद असलेलं यंत्र परवडलं, हे असं मधूनच चालणारं फार छळतं. ऑर्डर घाईची असली की हमखास त्याच दिवशी रुसायचं.

अण्णा घरी आले ते सांगितलेल्या वेळेनंतर बऱ्याच उशिरा. हा त्यांचा पहिला दोष, आणि तो सुधारेल असं वाटत नाही. सोबत एक मदतनीस पोरगा. दोघं आपसात तेलुगूत बोलतात, आपल्याशी मराठीत. लॅपटॉपला हात लावण्याआधी त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो आधीच्या दोघांनी विचारलाच नव्हता.

“ताई, नावाने उघडत नाही, का आयपीने पण उघडत नाही?”

मला काय माहीत! आयपी म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा आकड्यांचा पत्ता, हेही मला तेव्हाच कळलं. त्यांनी पोराला खाली पिटाळलं. त्याने डेस्कटॉपवर काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग मारलं आणि जिन्यातून ओरडून आकडा सांगितला: १९२.१६८.१.३४. अण्णांनी माझ्या लॅपटॉपवर दोन तिरक्या रेघांपुढे नावाऐवजी तो आकडा टाकला. फोल्डर पटकन उघडलं. सगळी डिझाइनं जागच्या जागी.

“बघा. वायर ठीक, शेअरिंग ठीक, पासवर्ड ठीक. आजार फक्त नावाचा आहे. यात फॉरमॅट कशाला मारायचं?”

एवढ्या एका चाचणीने अर्ध्या शंका मिटतात. तुमच्याकडे असं काही झालं तर कुणालाही बोलावण्याआधी एवढं स्वतः करून बघा. आकड्याने उघडलं आणि नावाने नाही, तर नाव शोधण्यात गडबड आहे. आकड्यानेही नाही उघडलं, तर वायर, फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारं सॉफ्टवेअर) किंवा शेअरिंग बघायचं. अण्णांनी डेस्कटॉपवरचं नेटवर्क ‘पब्लिक’ नसून ‘प्रायव्हेट’ आहे ना, हेही पोराला बघायला लावलं. नवीन बॉक्स आला की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं, ते पब्लिक म्हणून नोंदलं गेलं तर विंडोज फाइल शेअरिंग अडवते. आमचं प्रायव्हेट होतं.

मग त्यांनी ‘पिंग नक्षी’ मारलं, म्हणजे ‘नक्षी, आहेस का?’ असं विचारणारी कमांड. उत्तर आलं, पण १९२.१६८.१.२० या पत्त्यावरून. लगेच ‘एनएसलुकअप नक्षी’ मारलं. त्याचं म्हणणं, असं कुणी नाहीच. मला दोन्हीचा अर्थ लागला नाही, अण्णा मात्र खुशीत आले. पिंग हे विंडोजच्या नेहमीच्या वाटेने नाव शोधतं: आधी कॉम्प्युटरमधली होस्ट्स फाइल, म्हणजे नावं आणि पत्त्यांची छोटी यादी, मग डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, मग घरच्या नेटवर्कवरची विचारपूस. एनएसलुकअप मधलं सगळं सोडून थेट डीएनएस सर्व्हरलाच विचारतं. दोघांची उत्तरं जुळत नसतील, तर पिंगला नाव दुसरीकडूनच कुणीतरी सांगतंय.

ते कुणीतरी म्हणजे होस्ट्स फाइल. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि आत ही फाइल. नोटपॅड ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडून त्यांनी ती दाखवली. सगळ्यात खाली एक ओळ होती: १९२.१६८.१.२०, पुढे नक्षी. दुसऱ्या दुरुस्तीवाल्याचं ‘फिक्स’ ते हेच. त्या दिवशी डेस्कटॉपचा पत्ता १.२० होता, त्याने तो लिहून टाकला. पण पत्ते वाटतो फायबरचा बॉक्स, आणि आमचा बॉक्स लाइट गेली की कुणाला काय दिलं होतं ते विसरतो. लाइट आल्यावर जो आधी जागा होईल त्याला रांगेतला आधीचा आकडा. त्यात कधी डेस्कटॉपला पुन्हा १.२० मिळायचा, तेव्हा सगळं सुरळीत. आता तो आकडा कुणाकडे आहे म्हणून शोधलं, तर हॉलमधला टीव्ही निघाला. म्हणजे इतके दिवस मी माझी डिझाइनं टीव्हीकडे मागत होते, आणि पिंगला टीव्ही इमानदारीने ‘आहे, आहे’ म्हणत होता!

या होस्ट्स फाइलची गोष्ट मला आवडली, म्हणून थोडं आडवाटेने. ही फाइल इंटरनेटपेक्षा जुन्या जमान्यातली आहे. अमेरिकेत अर्पानेट हे इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क होतं, तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच यादीत असायचे, ती यादी कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट सांभाळायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. यादी गेली, पण तिची धाकटी बहीण प्रत्येक लॅपटॉपमध्ये अजून बसून आहे, आणि मान अजून तिचाच पहिला. तिथे काही चुकीचं लिहिलेलं असेल तर बाकी कुणाला विचारलंच जात नाही. म्हणून घाईत तिथे ओळ टाकून निघून जाणारा दुरुस्तीवाला पुढच्या दुरुस्तीची सोय करून जातो, असं माझं स्पष्ट मत झालंय.

अण्णांनी ती ओळ काढली, ‘आयपीकॉन्फिग’पुढे ‘फ्लशडीएनएस’ देऊन लॅपटॉपच्या डोक्यातली जुनी उत्तरं पुसली आणि पुन्हा पिंग मारलं. आता उत्तर आलं, नक्षी सापडत नाही. आधीपेक्षा वाईट! मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, “आता खरं बोलतंय ताई. आधी खोटं बोलत होतं.”

पुढचं त्यांनी लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता बघून शोधलं. माझा लॅपटॉप १९२.१६८.०.१०७, डेस्कटॉप १९२.१६८.१.३४. तिसरा आकडा एकात शून्य आणि दुसऱ्यात एक, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं. वरचा राउटर आणि खालचा बॉक्स, दोघंही आपापलं राज्य चालवत होते. आतल्या राउटरमागून बाहेरच्या बॉक्सकडचा आकडा गाठता येतो, म्हणून आयपीने फोल्डर उघडत होतं. नाव मात्र पलीकडे जात नाही.

का जात नाही, हे त्यांनी जसं सांगितलं तसं लिहिते. घरच्या नेटवर्कवर नाव शोधणं म्हणजे गल्लीत उभं राहून हाक मारणं. ‘नक्षी कोण?’ असं सगळ्यांना एकदम विचारायचं, ज्याचं नाव असेल तो पत्ता सांगतो. याची एक पद्धत एमडीएनएस, ती २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर विचारते. विंडोजची जुनी पद्धत एलएलएमएनआर, ती शेजारच्याच २२४.०.०.२५२ वर, पोर्ट ५३५५. दोन्हींची हाक त्याच गल्लीपुरती असते, राउटर ती पुढे पाठवत नाही, आणि पाठवू नये असाच नियम आहे. माझी हाक वरच्या राउटरपाशीच संपत होती.

उपाय साधा निघाला, पण करायला वेळ गेला. वरच्या राउटरने राज्य करायचं नाही, फक्त वाय-फाय पसरायचं. नवीन राउटरांत यासाठी ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असं बटणच असतं. आमच्या जुन्यात नव्हतं, म्हणून अण्णांनी हाताने केलं: त्याचा स्वतःचा पत्ता बदलून खालच्या नेटवर्कमधला १९२.१६८.१.२ दिला, त्याचं पत्ते वाटणं म्हणजे डीएचसीपी बंद केलं, आणि मागची वायर निळ्या ‘वॅन’ भोकातून काढून पिवळ्या ‘लॅन’ भोकात घातली. हाच क्रम का, हेही त्यांनी पोराला सुनावलं. पत्ता बदलण्याआधी डीएचसीपी बंद केलं तर नंतर राउटरमध्ये शिरायला वायर जोडून आकडे हाताने टाकत बसावं लागतं. पोराने बहुधा कुठेतरी तो पराक्रम केलेला असावा.

लॅपटॉप पुन्हा जोडला. पिंग नक्षी. १९२.१६८.१.३४ वरून उत्तर. मी चहा टाकायला उठले, तर म्हणाले, “थांबा, अजून संपलं नाही.”

लॅपटॉपच्या वाय-फाय सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ हाताने टाकलेला होता. हाही दुसऱ्या दुरुस्तीवाल्याचाच प्रसाद. ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस, जगभरच्या वेबसाइटांचे पत्ते सांगायला उत्तम, पण माझ्या घरात नक्षी नावाचं यंत्र आहे हे त्याला कुठून कळणार? एनएसलुकअप ‘असं कुणी नाही’ म्हणत होतं ते याच्याच सांगण्यावरून. अण्णांनी ते ‘आपोआप मिळव’वर ठेवलं, म्हणजे प्रश्न आधी फायबरच्या बॉक्सला जाईल. बऱ्याच राउटरना आपण पत्ते दिलेल्या यंत्रांची नावं माहीत असतात. आमच्या बॉक्सला होती. हीच भानगड फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाने आणि ब्राउझरमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ नावाने असते. तिथे बाहेरचा पुरवठादार निवडलेला असेल, तर घरातल्या नावांची चौकशीही बाहेरच जाते.

शेवटी त्यांनी फायबर बॉक्सच्या पानावर जाऊन डेस्कटॉपला आणि प्रिंटरला कायमचे पत्ते राखून ठेवले, त्यांच्या नेटवर्क कार्डावरच्या मॅक आकड्याला, म्हणजे प्रत्येक कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, बांधून. आता लाइट जावो की बॉक्स विसरो, नक्षीला तोच पत्ता. खरं तर नाव नीट सापडत असेल तर पत्ता बदलला तरी बिघडत नाही. पण प्रिंटर लॅपटॉपमध्ये आयपीनेच बसवलेला होता, त्याला हे लागणारच होतं.

आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मनातून पैकीच्या पैकी दिले. सरळ मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडला. अख्खं घर बंद. जाऊबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, मिक्सरमध्ये शेंगा चटणी अर्धवट. थोडं थांबून लाइट चालू केली, सगळी यंत्रं उठू दिली, आणि लॅपटॉप घेऊन वर, खाली, गच्चीच्या दारापर्यंत फिरून प्रत्येक ठिकाणी नावाने फोल्डर उघडून बघितलं. मला आजवर भेटलेल्यांत दुरुस्तीनंतर बिघडवून बघणारे हे पहिलेच. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइटचा काय भरवसा असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. ही चाचणी न करता ‘झालं’ म्हणण्याला इथे काही अर्थ नाही.

भाचा आला होता, त्यानेही आपला लॅपटॉप पुढे केला. त्याच्यावर विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. त्याने कॉम्प्युटरचं नाव बदललं होतं, आणि तेव्हापासून सुडो लावून, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने, दिलेल्या प्रत्येक कमांडआधी ‘होस्टचं नाव सापडत नाही’ अशी कुरकुर यायची. तिथेही होस्ट्स फाइलच, १२७.०.१.१ पुढे जुनं नाव राहून गेलेलं. ते बदललं, कुरकुर थांबली, पैसे घेतले नाहीत. त्याला एक सूचनाही मिळाली: लिनक्सवर शेवटी ‘.लोकल’ असलेलं नाव एनएसलुकअपने शोधून ‘सापडत नाही’ ठरवू नको, ‘गेटेंट होस्ट्स’ने बघ. .लोकल नावं एमडीएनएसकडे जातात, आणि एनएसलुकअप ती वाट तुडवतच नाही. पुण्यातल्या कंपनीचं व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची खासगी वाट) चालू केलं की घरचा प्रिंटर गायब होतो, या तक्रारीवर मात्र अण्णांनी हात वर केले. व्हीपीएन सगळे प्रश्न कंपनीच्या डीएनएसकडे वळवतं, ते कंपनीनेच ठरवलेलं असतं, आपण त्यात हात घालायचा नाही. जे आपल्या हातात नाही ते सरळ ‘नाही’ म्हणून सांगतात, हे मला बरं वाटलं.

आता उणी बाजू. उशिराचं सांगितलंच. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून वाट बघायची. जिन्यातली वायर खाकी टेपने चिकटवून गेले, ती लोंबायला लागलीय. वर आणि खाली वाय-फायचं नाव एकच करून टाकलं ते सोयीचं आहे, पण आधी सांगितलं नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे फोन पुन्हा जोडत संध्याकाळ गेली. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे राउटरच्या पानाचा पासवर्ड कंपनीने स्टिकरवर छापलेलाच ठेवला. मी विचारल्यावर बदलून दिला, पण न विचारता बदलायला हवा होता. बिलही मागितलं तरच मिळतं, आणि ते दुकानाच्या शिक्क्याचं साधं बिल, जीएसटीचं नाही. ज्यांना खर्च वहीत दाखवायचाय त्यांनी आधी विचारून घ्यावं.

पैसे झाले ६००, येण्या-जाण्यासकट. विंडोज नव्याने टाकण्यासाठी मी याहून जास्त देऊन बसले होते. जाताना अण्णांनी वहीचं पान फाडून त्यावर लिहून दिलं: कुठल्या यंत्राला कुठला पत्ता, वरच्या राउटरचा पत्ता, डीएचसीपी कुठे चालू आणि कुठे बंद, होस्ट्स फाइल रिकामी. ते पान मी फायबर बॉक्सच्या मागे चिकटवलंय. पुढचा कुणी ‘फिक्स’ करायला आला तर आधी ते वाचेल, मग हात लावेल.

पाचपैकी चार तारे. घरात एकच लॅपटॉप आहे आणि इंटरनेट हळू चालतंय एवढीच तक्रार असेल, तर यांच्याकडे जाऊ नका, ते काम कुणीही करेल आणि वेळेवर करेल. पण दुकानात किंवा कारखान्यात तीन-चार यंत्रं आहेत, हिशेबाचा कॉम्प्युटर एकीकडे, प्रिंटर दुसरीकडे, आणि दर काही दिवसांनी कुणीतरी कुणाला सापडत नाही, अशांनी नक्की जावं. जाण्याआधी राउटर आणि फायबर बॉक्स या दोन्हींच्या खालच्या स्टिकरचे फोटो फोनमध्ये घेऊन ठेवा, सगळ्यात आधी ते तेच मागतात. आणि मिक्सर बंद ठेवा.